क्रेडिट कोणाच्या नावे?

पुतण्याची मुलगी यंदा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा ती उत्साहाने म्हणाली, "आजोबा, माझे २२ क्रेडिट बँकेत जमा झाले!" सारी नोकरी बँकेत केलेल्या मला क्षणभर काही उमगेना. मग कळले की ही 'अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स', २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून निघालेली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक तिच्यात साठतात आणि महाविद्यालय बदलले तरी बुडत नाहीत. आमच्या बँकेपेक्षा ही बरी. थकबाकीची कटकट नाही.

तेव्हापासून हा शब्द मनात घोळतो आहे. त्याचे मूळ लॅटिन, आणि अर्थ विश्वास ठेवणे. आपल्याकडे मात्र त्या एका शब्दाची कामे अनेक शब्दांना वाटून दिलेली आहेत. दुकानात क्रेडिट म्हणजे उधारी, पासबुकात जमा, बाजारात पत, सत्कार समारंभात श्रेय. चित्रपट संपल्यावर पडद्यावर सरकणारी नावे, तीही क्रेडिटच. ती वाचायला कोणी थांबत नाही ही गोष्ट निराळी. पूर्वी अडत दुकानातील मुनीम आसामीचे नाव ऐकताच किती उधार द्यायचे ते ठरवत असे. आज तेच काम सिबिलचा ३०० ते ९०० मधला एक आकडा करतो. जीएसटीने तर या शब्दाला नवाच पेच घातला. आपण माल घेतला, करासह पैसे चुकते केले, पण विकणाऱ्याने आपले विवरणपत्र भरले नाही, तर आपले इनपुट टॅक्स क्रेडिट अडकते. दुसऱ्याच्या सचोटीवर आपली जमा अवलंबून! लॅटिन अर्थ असा आपल्या बिलबुकापर्यंत येऊन पोहोचला आहे.

शाखेत नव्या लिपिकांचा हमखास गोंधळ उडे तो पासबुकावरून. खातेदार ज्या क्रेडिटने सुखावतो, तीच रक्कम बँकेच्या दृष्टीने देणे असते. आणि त्याच व्यापाऱ्याच्या स्वतःच्या वहीत बँकेचे खाते नावे पडलेले असते. मी त्यांना सांगत असे, जमा एकटी येत नाही, कोणाच्या तरी नावे टाकल्याशिवाय ती लिहिताच येत नाही. लुका पाचिओलीने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत मांडली. आपल्या रोजकीर्द-खतावणीलाही हा न्याय परका नव्हता. डेबिटसाठी मराठीत 'नावे' हा शब्द कोणी योजला कोण जाणे, पण योजणारा जाणता असावा.

हे मी दुसऱ्यांना शिकवले. स्वतःच्या एका नोंदीकडे मात्र तीस वर्षे पाहिले नाही.

एका व्यापारी पेठेतील शाखेत मी अधिकारी होतो. हळद निर्यात करणाऱ्या एका व्यापाऱ्याची लेटर ऑफ क्रेडिटखालील कागदपत्रे आली होती. या व्यवहारात बँक माल पाहत नाही, फक्त कागद पाहते. कागदात एक तफावत निघाली तरी परदेशी बँक पैसे नाकारू शकते. माझी तपासणी झाली होती, सही करायची राहिली होती. एवढ्यात शेजारच्या टेबलावरील तरुण लिपिकांनी बिल ऑफ लेडिंगवर बोट ठेवले. माल जहाजावर चढल्याची तारीख शेवटच्या मुदतीनंतर दोन दिवसांची होती. व्यापाऱ्याने तातडीने ग्राहकाकडून दुरुस्ती मागवली आणि त्याचे पैसे सुखरूप आले. वरिष्ठ कार्यालयाला टिपण मी लिहिले. त्यात 'छाननीत आढळून आले' असे कर्मणी वाक्य होते. प्रशस्तिपत्र माझ्या नावे आले, पुढच्या बढतीत त्याचा उल्लेखही झाला. शाखेत पेढे वाटले गेले. त्यांनीही एक घेतला.

अदत्तादान म्हणजे न दिलेले घेणे. अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोटी वजनेमापे येतात, भेसळ येते. आपल्या घरांत हे लहानपणापासून कानांवर पडते. वजनात मी कधी खोट केली नाही, बँकेत वजने नव्हतीच. कर्मणी प्रयोगात भेसळ करता येते हे मात्र तेव्हा सुचले नाही.

दरवर्षी संवत्सरीला मी परिचित-स्नेह्यांच्या साऱ्या यादीला एकाच वेळी 'मिच्छामि दुक्कडं' पाठवतो. त्यांचेही नाव त्या यादीत आहे, आणि दरवर्षी त्यांचे हात जोडलेले चित्र येते. यंदा प्रतिक्रमणास बसलो असता त्या पेढ्याची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेलो आणि कशासाठी आलो ते सांगितले.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दोन दिवसांचा फरक होता, साहेब. मला वाटलं, तुम्ही विसरला असाल."

एवढ्यात त्यांच्या सूनबाई चहा घेऊन आल्या. "हे आमचे साहेब," त्यांनी ओळख करून दिली, "लेटर ऑफ क्रेडिटचं काम मी यांच्या हाताखाली शिकलो."

"नाही," मी म्हटले, "ते परिपत्रके वाचून स्वतःच शिकले. तुम्ही जरा बसा." त्या बसल्या, आणि त्या दोन दिवसांची हकीकत, कर्तरी प्रयोगात, मी प्रथमच तिसऱ्या माणसासमोर सांगितली.