नेल्स आजोबा

कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांच्याविषयी वाचताना आज मन रेंगाळलं ते त्यांच्या आजोबांपाशी. नेल्स बोरलॉग, अमेरिकेतल्या आयोवाचे नॉर्वेजियन वंशाचे शेतकरी. १९१४ साली नॉर्मन जन्मला तो त्यांच्याच शेतावर. शेतीला राबते हात हवे असतानाही या आजोबांनी नातवाच्या शिक्षणाचा आग्रह धरला. १९३३मध्ये, ऐन मंदीत, नातू मिनेसोटा विद्यापीठात गेला. पुढे त्याच्या बुटक्या गव्हाने भारतातली कोठारं भरली. १९७०चं शांततेचं नोबेल त्याला मिळालं.

घरासाठी झिजलेल्या अशा माणसांविषयी मला अपार माया वाटते. आपल्या पानातल्या पोळीवर नेल्स आजोबांचंही ऋण आहे, असं मी मनापासून मानतो. नातवंडांसाठी जमीन राखणारे पुष्कळ. त्या नातवंडांना बांधापलीकडे धाडायला मोठं काळीज लागतं.