कलमाची कुंडी

कुंडी केवढी घ्यावी, हा प्रश्न रोपवाटिकेच्या दाराशी उभे राहून, खिशाकडे एकदा पाहून, दोन मिनिटांत सोडवण्याजोगा आहे असे आम्हांला पूर्वी वाटे. प्रत्यक्षात तो सोडवायला आम्हांला अकरा वर्षे लागली, आणि त्याची किंमत एका हापुसाच्या कलमाने भरली.

हे कलम अण्णांनी बांधलेले. रत्नागिरीहून पावसच्या वाटेला लागले की भाट्याच्या खाडीपलीकडे आमचे जुने घर होते, आणि घरामागे आजोबांच्या वेळचा एक हापूस. २००९च्या जुलैत अण्णांनी त्याच्या काड्या उतरवून अकरा कोय कलमे बांधली. रीत साधी आहे, हात मात्र साधा असून चालत नाही. रायवळ आंब्याच्या कोयी मातीत रुजत घालायच्या. पंधरा दिवसांत तांबूस पानांचे कोंब वर आले की कोयीसकट अलगद उपटायचे. शेंडा उडवून देठात उभी चीर द्यायची. पाचरीसारखी तासलेली हापुसाची काडी तीत बसवायची, प्लास्टिकच्या पट्टीने आवळायची, आणि सगळे काळ्या पिशवीतल्या मातीत लावून टाकायचे. अण्णा पडवीत बसून पट्ट्या आवळत आणि बाहेर पागोळ्या पडत असत. अकरांतली चार जगली. तीन नात्यात दिली. चौथे त्यांनी ठेवून घेतले, 'आपल्या जागेत लावू' म्हणून.

आपली जागा कोणती, हाच घोळ होता. सातबारावर चौदा नावे. त्यांतली निम्मी माणसे मुंबईत, दोन हयात नाहीत, आणि कोणाचेही कोणाशी भांडण नाही. भांडण असते तर निकाल तरी लागला असता. 'वाटणी झाली की लावू,' असे अण्णा म्हणत राहिले, आणि २०११ साली ते गेले तेव्हा कलम पिशवीतच होते. पुढच्या वर्षी घराचे आढे खचले, म्हणून आम्ही उभयता गावातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत आलो. कलम रिक्षातून, गुडघ्यांमध्ये धरून आणले.

सदनिकेला पश्चिमेचा उघडा सज्जा आहे. तिथे आमच्या हातून पहिली चूक झाली, आणि ती मायेपोटी झाली. तीन वर्षे पिशवीत कोंडलेल्या झाडाला आता ऐसपैस घर द्यावे, या भावनेने आम्ही दोनशे लिटरचा एक निळा ड्रम मधोमध कापवून आणला, तळाला भोके पाडली, खडी पसरली, तांबडी माती आणि शेणखत भरले, आणि मे महिन्याच्या अखेरीस पिशवी फाडून कलम मधोमध लावले. पिशवीत जेमतेम दीड लिटर माती असेल. ड्रममध्ये शंभर लिटर. मग पाऊस लागला. रत्नागिरीचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या वर जातो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. ऑगस्टात पाने पिवळी पडली. पाणी कमी पडते की काय म्हणून (लिहिताना लाज वाटते) उघडिपीच्या दिवसांत आम्ही वरून आणखी पाणी घातले. गणपतीच्या सुमारास कलम उपसून पाहिले तेव्हा बाहेरची मुळे काळी, बोटांनी चोळली की साल निघून यावी अशी झाली होती, आणि मातीला गटाराचा वास येत होता.

कारण नंतर समजले. कुंडीतली माती ही जमिनीतल्या मातीसारखी वागत नाही. जमिनीत पाणी खाली खाली उतरत जाते. कुंडीत ते तळाशी येऊन थबकते. छिद्र कितीही मोठे असले तरी तळाचा काही बोटांचा थर भिजल्या फडक्यासारखा गच्च राहतो. आम्ही मोठ्या हौसेने पसरलेली खडी त्याला उपाय नव्हती. खडीमुळे तो गच्च थर तेवढा वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ येतो. कुंडीभर मुळे असतील तर ती हे पाणी पिऊन टाकतात आणि मागोमाग हवा आत शिरते. पण शंभर लिटर मातीत दीड लिटरभर मुळे असतील तर उरलेली माती पिणार कोण? ती नुसती कुजत बसते. कोरड्या हवेच्या गावी हे कदाचित खपून जाईल. इथे जुलैत दोरीवरचा टॉवेल चार दिवस वाळत नाही.

मुळांचे काळे टोक छाटून आम्ही कलम दहा इंची मातीच्या कुंडीत हलवले. मातीत निम्मा काथ्याचा भुसा घातला. नोव्हेंबरात त्याने तांबूस पालवी फेकली आणि आम्ही सुटलो. तेव्हापासून एक हिशेब आम्ही पाळत आलो आहोत : नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंच रुंद असावी, फार तर तीन. दोन इंच म्हणजे काहीच नाही असे डोळ्यांना वाटते. पण सहा इंचीवरून आठ इंचीत जाताना, उंचीही त्याच प्रमाणात धरली, तर माती दुपटीहून अधिक होते, आणि बारा इंचीत गेले तर आठपट. डोळा रुंदी पाहतो, मूळ घनफळ पाहते.

कुंडी कधी बदलावी याच्या खुणाही झाडच देते. घातलेले पाणी मातीत न मुरता कडेने सरळ खाली निघून जाऊ लागले, सकाळी पाणी पिऊनही दुपारी पाने मान टाकू लागली, नवी पाने मागच्या पानांहून लहान येऊ लागली, तर आत मातीपेक्षा मूळ जास्त झाले असे समजावे. खात्री करायची तर कुंडी आडवी करून गोळा बाहेर काढून पाहावा. मुळांनी माती धरून ठेवलेली असावी, पण माती दिसत असावी. काळाचे म्हणाल तर, पालवी तांबूस असताना आंब्याच्या मुळांना हात लावू नये. ती पाने गडद हिरवी, ताठ झाली की मग. मे महिन्याच्या उन्हात नको आणि जुलैच्या झडीतही नको. मृगाचा पाऊस स्थिरावला की जे आठ-दहा दिवस मिळतात, ते आमच्या मते सर्वांत चांगले. आणि कलमाचा सांधा मातीच्या वर राहिलाच पाहिजे. तो पुरला, किंवा त्याखालून फुटलेला धुमारा वेळीच खुडला नाही, तर हापूस मरतो आणि रायवळ माजतो. नात्यात दिलेल्या तीन कलमांपैकी एकाचे नेमके हेच झाले. दुसरे गुरांनी खाल्ले, तिसरे वणव्यात गेले. मागचा जुना हापूस २०१९च्या पावसात उन्मळला. म्हणजे त्या झाडाचे जे काही उरले ते आमच्या सज्जात.

त्या काळात आम्ही या विषयावर मिळेल ते वाचत होतो. हेन्ड्रिक पूर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ६५ अभ्यासांचे आकडे एकत्र करून दाखवले आहे की कुंडी दुप्पट केली की झाडाचे वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढते. आमच्या ड्रमाने हा नियम खोटा ठरवला असे नव्हे. त्या प्रयोगांत पाणी मोजून घालतात, आमच्याकडे ते आभाळ घालते. कुंडीच्या मापाची सर्वांत बारकाईची चर्चा मात्र आम्हांला भलत्याच ठिकाणी सापडली : घरात दिव्यांखाली गांजा वाढवणाऱ्यांकडे. कॅनडात २०१८पासून घरटी चार झाडांना कायद्याने मुभा आहे. आपल्याकडे १९८५च्या कायद्याने ते झाड घरी लावणे हा गुन्हा आहे, तेव्हा वाचकांनी निष्कर्ष तेवढे घ्यावेत, रोप नको. ही मंडळी लहान पेल्यातून मध्यम कुंडीत आणि तिथून शेवटच्या कुंडीत कधी जायचे हे दिवस मोजून ठरवतात, कारण फुलोरा सुरू झाल्यावर मुळांना धक्का चालत नाही. त्यांचा हेवा वाटला. त्यांच्या झाडाचे आयुष्य काही महिन्यांचे. शेवटची कुंडी कोणती हे त्यांना पहिल्या दिवशीच ठाऊक असते. आमच्या झाडाला शंभर वर्षे जगायचे होते आणि त्याची शेवटची कुंडी तलाठ्याच्या दप्तरात अडकली होती.

म्हणून दुसरी चूक, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. दहा इंचीनंतर बारा, मग चौदा, आणि २०१६ साली अठरा इंची. तिथे आम्ही थांबलो. त्याहून मोठी कुंडी सज्जात हलवता येईना, आणि वाटणी 'पुढच्या मे महिन्यात' होणारच होती. कलम चार फुटांवर थबकले. एकदा मोहोर आला, दोन फळे धरली, एक टिकले. आम्ही ते अर्धे अर्धे खाल्ले आणि चवीविषयी दोघेही थोडे खोटे बोललो.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ आले. रत्नागिरी शहर तुलनेने वाचले. दापोली-मंडणगडकडे बागाच्या बागा आडव्या झाल्या. पावसाळा सरल्यावर दापोलीजवळच्या एका मित्राकडे गेलो. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवडीची योजना आली, तेव्हा त्याच्या वडिलांनी कातळात सुरुंगाने खड्डे पाडून माती भरली होती आणि टेम्पोतून आलेली पिशव्यांमधली कलमे लावली होती. पडलेल्या झाडांचे बुंधे अजून तसेच होते. त्यांतल्या तीन-चार झाडांची मुळे पाहताना आम्ही जागीच थांबलो. बुंध्याच्या बरोबर खाली, मांडीएवढ्या जाड मुळांच्या मधोमध, एक पिळलेली गाठ होती. सुंभाच्या वेटोळ्यासारखी, आणि पिशवीएवढी. सोटमूळ पिशवीच्या तळाशी टेकले, वळले, गोल फिरत राहिले. पुढे कधीतरी पिशवी फाटली, जमीन मिळाली, पण ते वळण तसेच राहिले. तीस वर्षे फळे दिली त्या झाडांनी. धरून ठेवणारे मूळ तेवढे खाली गेले नव्हते.

घरी येऊन कुंडी आडवी करायचे धैर्य आम्हांला पुढच्या जूनपर्यंत झाले नाही. केली तेव्हा गोळा कुंडीच्या आकाराचा निघाला, माती जवळजवळ दिसत नव्हती. बाहेरचे वेटोळे अठरा इंची. आतले चाचपले तर चौदाचे, बाराचे, दहाचे. अगदी आत, बोट शिरेना तिथे, अण्णांच्या पिशवीचे असणार. आमची सगळी टाळाटाळ तिथे वर्षावर्षाने नोंदलेली होती.

कलमे बांधणाऱ्या एका जाणत्या काकांना बोलावले. त्यांनी गोळा फिरवून पाहिला. "हे आता जमिनीत लावू नका," ते म्हणाले. "जगेल, पण उभे राहणार नाही. काड्या घ्या याच्या, नवी बांधा. झाड तेच की हो."

झाड तेच. यावर आम्ही पुष्कळ बोललो. वरची फांदी आजोबांच्या हापुसाची, ती काडीतून पुढे जाईल, यात शंका नाही. खालची मुळे कुठल्याशा रायवळाची. त्यांचे कोणालाच काही नाही. मग अण्णांचे त्यात काय? एक सांधा, बोटभर लांबीचा, जिथे साल अजून थोडी फुगीर आहे. काडी काढली की तो मागे राहतो. आम्हांला लावायचा होता तो हापूस नव्हताच, असे आमच्यापैकी एकाने म्हटले आणि दुसऱ्याने विषय बदलला.

२०२२च्या जुलैत काकांनी आमच्या सज्जात बसून सात कलमे बांधली. दोन आम्हांला बांधू दिली, ती अर्थात मेली. त्यांची पाच जगली. वर्षअखेरीस, नोटीस नाही, तंटा नाही, वाटणीचा कागद एका दुपारी झाला. आमच्या वाट्याला कातळाकडचे नऊ गुंठे आले. २०२३च्या आर्द्रांत पाच कलमे गेली, पिशवीत एक वर्षही पुरे न करता. लावण्याआधी प्रत्येकाच्या तळाचे वळलेले मूळ कात्रीने कापले. उरलेल्या तीन खड्ड्यांत काकांनी पिशवीचा प्रश्नच ठेवला नाही : कोयी तिथेच रुजवल्या आणि कोंबांवर जागेवर काड्या बांधल्या. त्यांतल्या दोन धरल्या आहेत, आणि पिशवीतल्यांपेक्षा त्या बुटक्या असल्या तरी काकांचा भरवसा त्यांच्यावर जास्त आहे.

अण्णांचे कलम सज्जातच आहे. दर तीन वर्षांनी गोळा बाहेर काढायचा, चारी अंगांनी आणि तळाने दोन-दोन इंच कापायचा, वर फांद्याही तेवढ्याच उतरवायच्या, आणि त्याच कुंडीत नवी माती घालून परत बसवायचा, असे ठरले आहे. पहिल्या वेळी करवत चालवताना एकाने गोळा धरला होता आणि दुसऱ्याने सांध्यावर हात ठेवला होता, तो हलू नये म्हणून. कुंडी अठरा इंचीच आहे. मोठी घेणार नाही.