भातलावणीच्या दिवसांतला शपथविधी

राष्ट्रपतींचा शपथविधी १९७७ पासून २५ जुलैलाच होत आला आहे. म्हणजे आमच्या खालापूर-कर्जतकडे माणसं चिखलात वाकून लावणी करत असतात तेव्हा. २०२२ च्या त्या सोमवारी वाडीवरच्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत निम्मी मुलं आलीच नव्हती. आली होती त्यांना घेऊन मी शेजारच्या घरात टीव्हीसमोर बसले. शेतावर निघालेल्या दोन-तीन बायाही इरली भिंतीला टेकवून थांबल्या.

सव्वादहाला सरन्यायाधीश रमणा यांनी द्रौपदी मुर्मूंना शपथ दिली. पांढरी साडी, लाल-हिरवे काठ. घरातली आजी पुढे सरकून म्हणाली, ‘‘बाई, ही आपल्यातलीच ना?’’ मी सांगितलं, तुम्ही ठाकर, त्या संथाळ. गाव पार ओडिशात, मयूरभंज जिल्ह्यातलं उपरबेडा. आजीला एवढा तपशील नको होता. ‘‘म्हणजे आपल्यातलीच,’’ म्हणत तिने पदर सावरला आणि टीव्हीला हात जोडले. माझे डोळे भरून आले.

मुर्मूंनी भाषणाची सुरुवात ‘जोहार’ने केली. पुढे त्यांनी संथाळ, कोल, भिल्लांच्या उठावांची नावं घेतली तेव्हा मला आपला नाग्या कातकरी आठवला. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळी लागून गेलेला, याच रायगडातला. दुपारी मुलांना त्याची गोष्ट सांगितली.

गावातून कॉलेजात जाणारी पहिली मुलगी मीच होते, असं मुर्मू म्हणाल्या, ते वाक्य मी मुलींना समजावून सांगितलं. शिकायला त्या भुवनेश्वरला गेल्या. मग पाटबंधारे खात्यात नोकरी, शिक्षिकेचं काम, १९९७ साली रायरंगपूरच्या नगरसेविका. चौथीतल्या एका मुलीने विचारलं, ‘‘मग ती एस्टी कुठून पकडायची?’’ आमच्या वाडीवरून डांबरी रस्त्यापर्यंत उतरायचं म्हणजे पावसात निसरडी पायवाट. राष्ट्रपती झालेल्या बाईबद्दल तिला पहिल्यांदा हेच विचारावंसं वाटलं.

पुढच्याच वर्षी, १९ जुलैच्या रात्री, इर्शाळवाडीवर दरड कोसळली. तीही खालापूर तालुक्यातलीच ठाकरांची वाडी. वर गाडीरस्ता नव्हता. यंत्रं चढली नाहीत, माणसांनी कुदळ-फावड्यांनी चिखल उपसला. सत्तावीस मृतदेह मिळाले, कितीतरी जण मातीखालीच राहिले. तेव्हा मला काहींनी ऐकवलं, राष्ट्रपती आदिवासी होऊन काय उपयोग झाला? हा प्रश्न मला खुपतो. रस्ता आमचा हक्क आहे आणि तो भांडूनच घ्यायचा आहे. पण त्या सकाळी आजीने हात जोडले ते रस्त्यासाठी नव्हते. आपल्यातली बाई देशाच्या सर्वांत मोठ्या जागी उभी राहिलेली ती पाहत होती. ते पाहण्याचाही तिला हक्क होता, आणि तो फार उशिरा मिळाला.

एस्टीचं विचारणारी मुलगी आता आश्रमशाळेत आहे. सुटीत आली की भेटून जाते. दहावीनंतर खोपोलीला जायचं की कर्जतला, हे तिने आत्तापासूनच घरी विचारायला सुरुवात केली आहे.