डेक नावाचा यजमान

आगबोटीवर केबिनला दार असतं, दाराला कडी असते, आत राहणाऱ्याचा नंबर ठरलेला असतो. डेकला यातलं काहीच नाही. माथ्यावर फार तर ताडपत्री, कडेला लोखंडी कठडा, पायाखाली फळ्या नाहीतर रंग दिलेला पत्रा. एवढ्या सामानावर या गड्याने पिढ्यान् पिढ्या पाहुणचार केला. दुपारी तो तापतो, ऊन कललं की निवतो, आणि रात्री इंजिनाची थरथर पाठीला देत दमलेल्याला झोपवतो. जात, गाव, पगार विचारणं त्याच्या स्वभावात नाही. वळकटी टाकली की तेवढी जागा तुमची.

उल्हासनगरला समुद्र नाही. शहराच्या अंगाने उल्हास नदी जाते, मधून वालधुनी वाहते, आणि खाडीचा वारा खायचा तर कल्याणच्या पलीकडे जावं लागतं. तरीही डेकचं एवढं देणं असलेलं दुसरं शहर महाराष्ट्रात क्वचितच असेल.

6 जानेवारी 1948 रोजी कराचीत दंगल उसळली आणि फाळणीनंतरही सिंधमध्येच राहू म्हणणाऱ्या हजारो हिंदू कुटुंबांचा धीर सुटला. कोणी रेल्वेने राजस्थानकडे गेलं. कराचीच्या बंदरातून निघालेल्यांच्या वाट्याला मुंबईकडे येणारी बोट आली. बंदरावरच्या झडतीत बरंच काही मागे राहिलं. जे अंगावर आणि हातात उरलं ते घेऊन माणसं डेकवर चढली. जमीनदार, शाळामास्तर, धान्याचा व्यापारी, त्याच्याच दुकानातला हमाल, सगळे त्याच फळ्यांवर, गुडघ्याला गुडघा लावून बसले. दीड-दोन दिवसांच्या त्या प्रवासात डेकने त्यांची जुनी उतरंड मोडून टाकली. मुंबईच्या गोदीतून त्यांना रेल्वेने कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आणलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या त्या पाच कॅम्पांच्या वस्तीला 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळालं. लांबच लांब बराकी, मध्ये गोणपाट आणि साड्यांचे पडदे, पडद्यापलीकडे दुसरं कुटुंब. परक्याशेजारी पाय आखडून, आवाज सांभाळून, उरलेलं वाटून खाऊन राहायचं असतं, याचा पहिला धडा या लोकांनी डेकवर गिरवला होता. बराकीत त्यांनी तोच पुढे चालवला.

कॅम्प चारमध्ये आमच्या शेजारी एक सिंधी दादी राहायच्या. माझी आजी वेंगुर्ल्याची. संध्याकाळी दोघी बराकीच्या ओट्यावर बसत आणि आपापल्या बोटींची तुलना करत. कोणत्या कंपनीचं जहाज चांगलं, या विषयावरची मी ऐकलेली सर्वांत जाणकार चर्चा ती होती. आजी म्हणायची, “दर्या खवळललो असलो काय पडावात उतरताना जीव मुठीत धरूचो लागे. पण बोटीर वारो कसो! अपर डेकार झोप लागली काय सकाळ कधी झाली कळा नाय.” दादी ऐकून घेत आणि म्हणत, “बाई, आमच्या बोटीत पाय पसरायला जागा नव्हती. पण ‘उठ इथून’ असं कोणी नाही म्हणाला. माझ्या छोट्या भावाला एका अनोळखी बाईने रात्रभर मांडीवर घेतला.” जहाजाचं नाव दादींना आठवत नसे. डेक मात्र फळी-फळीने आठवत असे.

त्या काळी कंपन्यांचे स्वभाव खरोखर वेगवेगळे होते. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन ही साम्राज्याची कंपनी. केबिनमध्ये साहेब आणि डेकवर देशी माणूस, ही तिची जुनी मांडणी. पण तिच्याच ‘द्वारका’ या बोटीने मुंबई, कराची आणि आखाती बंदरं यांच्यामध्ये तीस-पस्तीस वर्षं डेकच्या उतारूंची वाहतूक केली. रोजगारासाठी आखातात जाणाऱ्यांनी ट्रंकेवर डोकं टेकून ते दिवस काढले. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही आपल्या लोकांची. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभी केली आणि 5 एप्रिल 1919 रोजी तिची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी मोडायला निघालेल्या या कंपनीचा डेक फाळणीच्या वेळी कराचीहून निघालेल्या निर्वासितांच्याही उपयोगी पडला, याचं मला मोल वाटतं.

आजीचा डेक वेगळा होता. बॉम्बे स्टीमच्या आणि पुढे चौगुल्यांच्या बोटी भाऊच्या धक्क्यावरून सुटत आणि जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीकडे जात. ‘रोहिणी’, ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावं आजही अंबरनाथ-बदलापूरच्या कोकणी घरांत नात्यातल्या माणसांसारखी घेतली जातात. अंबरनाथच्या विमको काडेपेटी कारखान्यात आणि ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला लागलेल्या माणसांची मुळं कोकणात होती. मे महिन्याच्या सुट्टीत मुलाबाळांसह गावी जायचं तर डेकचं तिकीटच खिशाला परवडे. बोट लागली की हमाल पुढे धावून चादर अंथरत आणि जागा अडवत. लोअर डेकवर इंजिनाची धग आणि तेलाचा वास, अपर डेकवर वारा. कुणाची कोंबडी टोपलीतून मान काढी, कुणाच्या डब्यातून भाकरी आणि सुकं खोबरं निघे, कुणी टाळ काढून भजन धरी. बोट लागणाऱ्याला शेजारचा लिंबू पुढे करी. बंदर आलं की बोट दूर समुद्रात थांबे, पडाव हेलकावत जवळ येई, आणि खलाशी पोरांना हातोहात खाली झेलत. हा डेकचा सगळ्यांत सुखाचा काळ होता. कोकणातल्या घराला जशी ओसरी, तसा तो मुंबई आणि कोकण या दोन घरांमधली ओसरी होता.

या स्वभावात एक मोठा दोषही आहे. डेकला नाही म्हणता येत नाही. येईल त्याला तो जागा देतो, आपल्या ताकदीपलीकडेही देतो. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात सापडली. पाणी आत आलं, घाबरलेले उतारू एका बाजूला धावले, बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. गटारीच्या अमावास्येला घरी पोचायला निघालेली ती कष्टकरी माणसं होती. म्हणून कोणत्याही जहाज कंपनीची पहिली परीक्षा माझ्या मते हीच: डेकच्या वतीने ‘आता बास’ म्हणण्याची हिंमत तिच्यात आहे का? प्रत्येक उतारूमागे जीवरक्षक जॅकेट मोजलेलं आहे का? चांगली कंपनी डेकला मन मोकळं ठेवू देते आणि मोजदाद स्वतः करते.

ऐंशीचं दशक संपता संपता कोकण बोटी बंद झाल्या. ‘द्वारका’ 1982 मध्ये निवृत्त झाली आणि कराचीजवळच्या गडानीच्या किनाऱ्यावर तोडली गेली. डेकची एक पिढी संपली.

आता तो परत आला आहे, पण नव्या कपड्यांत. 2018 मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. ती पूर्वीची जपानी ‘ओगासावारा मारू’. विमानतळ नसलेल्या ओगासावारा बेटांना तोक्योशी जोडणं हे तिचं आधीचं काम होतं. साध्या उतारूंची सवय असलेलं ते जहाज होतं, म्हणूनच की काय, सामायिक झोपण्याची सोय तिच्यावर होती आणि दुपारी निघून सकाळी पोचण्यात जुन्या बोटीची लय होती. 2019 मध्ये जलेश कंपनीची ‘कर्णिका’ आली. मोठी, दिमाखदार, पण वर्षभरातच करोनाने तिचा धंदा बसला आणि 2020 मध्ये ती अलंगला भंगारात गेली. सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ धावते आहे. 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेलं, रॉयल कॅरिबियनकडे राबलेलं हे अकरा डेकचं जहाज. त्याच्यावर पोहण्याचा तलाव आहे, चढायची भिंत आहे, रात्रीचे कार्यक्रम आहेत, जैन जेवणाची सोय आहे. उल्हासनगरच्या बाजारातून लग्नाच्या वाढदिवसाला, व्यापारी मंडळींच्या मेळाव्याला कुटुंबंच्या कुटुंबं तिच्यावर जाऊन येतात. परतल्यावर चर्चा होते: खिडकीची केबिन घ्यावी की बिनखिडकीची, जेवण कुठल्या जहाजावर बरं, करांसकट एकूण किती पडले. ज्या घराण्यांचे आजी-आजोबा कराचीहून ट्रंकेवर बसून आले, त्यांची नातवंडं त्याच समुद्रावर आरामखुर्चीत पहुडतात, याचा मला मनापासून आनंद आहे. कष्टाने मिळवलेली ती विश्रांती आहे.

फक्त तुलना करताना डेकलाही विचारा, एवढंच माझं मागणं आहे. जहाजावर उघड्या हवेतली किती जागा सगळ्यांसाठी आहे आणि किती जागा वेगळे पैसे मोजणाऱ्यांसाठी राखलेली आहे? बिनखिडकीच्या केबिनमधल्या माणसाला पहाटे समुद्रावरचा सूर्योदय तितक्याच सहज बघता येतो का? गुडघे दुखणाऱ्या आजींना कठड्याजवळ, सावलीत बसायला बाक आहे का? आवाजाचे भोंगे रात्री कधी तरी बंद होतात का, की शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी दोन शब्द बोलताच येऊ नयेत? कोणत्याही कंपनीचा डेक या चार प्रश्नांवर ओळखता येतो. सगळ्यांत स्वस्त तिकिटाच्या माणसाला ती कंपनी समुद्र किती देते, यावरून तिचं खानदान कळतं.

उल्हासनगर अजूनही पाण्याला मानतं. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, झुलेलालच्या ज्योतीचा बहराणा निघतो, कॅम्प पाचमध्ये चालिहो हे चाळीस दिवसांचं व्रत पाळलं जातं, माशावर बसलेल्या जलदेवता झुलेलालसमोर हात जोडून ‘बेडा ही पार’ म्हटलं जातं. नाव पैलतीरी लागो, ही त्यातली मागणी नावेतल्या सगळ्यांसाठी आहे, एकट्या केबिनसाठी नाही. डेकचा धर्म तोच आहे.

म्हणून मला वाटतं, कोकण किनाऱ्यावर डेकचं तिकीट पुन्हा मिळायला हवं. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट गाडीवाल्यांना आणि साध्या उतारूंना एकत्र नेते. हे जमतं, चालतं, लोकांना हवं आहे, हे तिने सिद्ध केलं. सुट्टीतलं क्रूझ जहाज आपल्या जागी असू दे. त्याच्या जोडीला रत्नागिरी-मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत जाणारी, मोजून उतारू घेणारी, परवडणारी बोटही धावू दे. गणपतीच्या आणि शिमग्याच्या दिवसांत महामार्गावर रात्र रात्र अडकणारी बदलापूर-अंबरनाथची कुटुंबं तिच्या डेकवर आनंदाने चादर अंथरतील. आणि कराचीहून आलेल्या त्या प्रवासाच्या वेळी जी पोरं दहा-बारा वर्षांची होती, ती आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. कॅम्पाकॅम्पांतून त्यांच्याजवळ बसून त्यांच्या बोटीची हकीकत लिहून घेण्याचं काम याच वर्षी व्हायला हवं, कारण नव्या कंपन्यांना डेक कसा असावा हे सांगण्याचा खरा अधिकार त्यांचाच आहे.