नोंद आहे, पुरे!

तीस वर्षं तलाठ्याचं दप्तर सांभाळलं, तेव्हा नोंदीला मी भिणारा नव्हे. पण चिरंजीव पुण्याहून एरंडोलला आले आणि माझ्या संगणकापुढे बसून म्हणाले, ''बाबा, तुमच्या रजिस्ट्रीत एक नोंद घालून ठेवतोय,'' तेव्हा पोटात गोळाच आला. म्हटलं, घर नावावर करून घेतो की काय!

तसं नव्हतं. विंडोजच्या पोटातही एक दप्तर असतं. १९९२ साली ते लहानसं निघालं. १९९५ पासून सगळा कारभारच त्यात आला.

मला रात्री दहानंतरच लिहायला सुचतं, आणि डॉक्टरांनी जागरण बंद केलेलं. आमची ही होती तोवर दहाला येऊन सरळ दिवा मालवायची. ती गेल्यावर ते काम चिरंजीवांनी एका स्क्रिप्टकडे सोपवलं. तिनं रोज दहाला उठायचं, रजिस्ट्रीत 'जागरणबंदी'ची नोंद पाहायची. तिथे १ असेल तरच संगणक बंद करायचा.

चिरंजीवांची पाठ वळताच मी १ चा ० केला. फेरफारात हात मुरलेला! तरी दहाला संगणक बंद. अर्धा लेख गडप! तीन रात्री हेच. शेवटी स्क्रिप्ट उघडून वाचली. तिच्यातली 'रेग क्वेरी' ही आज्ञा नोंद सापडली की 'आहे' म्हणून कळवते, आणि चिरंजीवांनी तेवढ्यावरच निकाल दिला होता. आकडा वाचायचा राहूनच गेला! सातबारा आहे ना, मग इतर हक्कांतला बोजा कशाला बघायचा, अशातली गत.

आमच्या गावाला जुनी एकचक्रानगरी म्हणतात. बकासुर तरी इथे कशानं फसला? गाडा आला, एवढंच त्यानं पाहिलं. गाड्यावर कोण बसलंय ते पाहिलं नाही.

मी नोंदच खोडून टाकली. त्या रात्री दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. संगणक आपला चालूच. आता कोण अडवतंय? पण एक ओळ सुचेल तर शपथ! सारखं दाराकडे लक्ष.

सकाळी उठून नोंद होती तशी पुन्हा घातली. आकडा मात्र ० च ठेवलाय. माणसानं थोडा ताठा राखावा.

चिरंजीवांना त्यांची चूक अजून कळवलेली नाही.