ओव्यांचा मुक्काम मानेसरजवळ

कोल्हापूर, सातारा, पुणे या गावांवरून जाणारा हमरस्ता आपल्या ओळखीचा आहे. तोच पुढे ठाणे, वापी, सुरत, अहमदाबाद, जयपूर करीत थेट दिल्लीला पोहोचतो. कागदोपत्री तो आता राष्ट्रीय महामार्ग ४८. दिल्लीला शिरण्यापूर्वी, गुरुग्रामच्या अलीकडे सुमारे वीस किलोमीटरवर, या रस्त्याच्या कडेला मानेसर लागते.

पूर्वी हे अरवलीच्या बोडक्या टेकड्यांच्या पायथ्याचे खेडे होते. आज तेथे मोठी उद्योगनगरी आहे. होंडाच्या स्कूटरचा कारखाना २००१ साली आला, मारुतीच्या मोटारींचा २००७ साली सुरू झाला. राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंचे प्रशिक्षणही येथेच चालते. मानेसरात पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर ‘फारसे काही नाही’ हेच द्यावे लागेल. पाळी सुटली की गणवेशातल्या कामगारांचे लोंढे रस्त्यावर येतात आणि कासन, नाहरपूर, अलियर अशा भोवतालच्या गावांतल्या भाड्याच्या खोल्यांकडे वळतात. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो आणि त्यात गाणी असतात. कोणाची भोजपुरी, कोणाची हरियाणवी, कोणाची आपली मराठी.

पण गाणे ऐकणे वेगळे आणि गाणे आपल्या मालकीचे असणे वेगळे. हा फरक समजून घ्यायला हा रस्ता फार चांगला आहे.

ऐंशीच्या दशकात या रस्त्याने जाणाऱ्या ट्रकांत कॅसेटचा जमाना अवतरला. दिल्लीच्या दर्यागंजमध्ये फळांच्या रसाचे दुकान चालवणाऱ्या घरातले गुलशन कुमार कॅसेटच्या धंद्यात उतरले, १९८३ साली त्यांची कंपनी उभी राहिली आणि कॅसेट सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. तोपर्यंत रेकॉर्ड कंपन्यांनी ज्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते अशा बोलीभाषांतली गाणीही मग ढाब्यांवर वाजू लागली. हरियाणातल्या ‘रागिणी’ या गीतप्रकाराचे मोठे कवी पंडित लखमीचंद १९४५ साली वारले. त्यांच्या रचना पुढच्या गायकांच्या आवाजात कॅसेटवर चढल्या त्या कित्येक वर्षांनी. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फळीत ती कॅसेट असे. फीत गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची, आवरण फुटले की रबरबँड लावायचे. दोस्ताला ऐकायला दिली तर ती परत मागायचीही सोय होती.

मग कॅसेटच्या जागी सीडी आली, सीडीनंतर मेमरी कार्ड. मोबाइल रिचार्ज करून देणारा दुकानदार थोड्या पैशांत कार्ड भरून देई. एक जीबीच्या कार्डात दोनशेच्या आसपास गाणी मावत. स्वस्त आणि सोपे काम, यात शंका नाही. मात्र फोन पाण्यात पडला किंवा लोकलच्या गर्दीत मारला गेला की दोनशेच्या दोनशे गाणी एकदम जात आणि त्यात कोणती होती, हेही धड आठवत नसे. आता तर कार्डही मागे पडले. नव्या मोटारीत कॅसेटचे खण नाही आणि सीडीची फटही नाही. तेथे बोटाने चालणारा पडदा आहे. गाणी दूर कुठल्यातरी संगणकात असतात आणि आपण महिन्याचे पैसे भरून ती ऐकतो. भाड्याच्या घरासारखेच हे. घर कितीही हवेशीर असो, मालकाने रिकामे करा म्हटले की करावे लागते.

हे नुसते बोलणे नाही. फ्लिपकार्टने २०१२ साली ‘फ्लाइट’ नावाचे गाण्यांचे दुकान इंटरनेटवर थाटले आणि २०१३ साली बंदही केले. ज्यांनी विकत घेतलेली गाणी वेळेत उतरवून घेतली, त्यांची वाचली. एअरटेलने ‘विंक’ ही संगीतसेवा बंद करीत असल्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. वर्षानुवर्षे निगुतीने लावलेल्या याद्या अशा वेळी कोणाला वारसा म्हणून देता येत नाहीत. अमेरिकेत तर २०२२ साली सीडींपेक्षा तबकड्या जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. त्यात हौस आहे, फॅशनही आहे. तरी हातात धरता येईल असे काहीतरी हवे, ही भूक त्यामागे नाही असे कोण म्हणेल?

पुण्याचे बाड हरियाणात

मानेसरहून गुरुग्रामला आले की सेक्टर ३२ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेची इमारत आहे. तिच्यात संगीताचे एक अभिलेखागार आहे. बाहेरून पाहणाऱ्याला येथे गाण्यांचा खजिना असेल असे वाटणारही नाही. मराठी माणसाने आवर्जून लक्षात ठेवावे ते असे की, १९८२ साली हे अभिलेखागार सुरू झाले ते पुण्यात. संगीताचे अभ्यासक नझीर अली जैराजभाई यांनी त्याचा पाया घातला. पुढे ते दिल्लीला आणि तेथून गुरुग्रामला गेले.

जैराजभाईंचे गुरू आर्नल्ड बाके हे डच अभ्यासक. त्यांनी १९३८ साली दक्षिण भारतात गावोगाव फिरून गाणी ध्वनिमुद्रित केली होती. त्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती घेऊन जैराजभाई आणि एमी कॅटलिन १९८४ साली पुन्हा त्याच मुलखात गेले. मधे छेचाळीस वर्षे गेलेली. गाणारे बहुतेक गेलेले, काही गाणीही गेलेली. पण ध्वनिमुद्रण कोणीतरी जपून ठेवले होते, म्हणून ते ज्यांचे होते त्यांच्या नातवंडांपर्यंत परत नेता आले.

आपल्या घरचे उदाहरण याहून जवळचे आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे प्रचंड काम केले. मुळशी-मावळच्या डोंगरातून सुरू झालेला हा संग्रह एक लाख ओव्यांच्या पुढे गेला. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवीही थांबली. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने या बायकांचे आवाज ‘डॅट’ नावाच्या छोट्या टेपांवर मुद्रित झाले आणि ते ध्वनिमुद्रण याच अभिलेखागाराकडे सोपवण्यात आले. पहाटे दळताना सासर-माहेराबद्दल, भावाबद्दल, रामसीतेबद्दल गाणाऱ्या मावळातल्या आयाबायांचा आवाज आज मानेसरजवळ मुक्कामाला आहे. आणि तोही त्यांच्या घरापासून फार लांब नसलेल्या हमरस्त्याच्या दुसऱ्या टोकाला!

वस्तू जपली म्हणजे सगळे झाले, असे मात्र नाही. टेपला दमट हवा चालत नाही. फीत चिकट होते, बुरशी धरते. शिवाय डॅट टेप वाजवायला यंत्र लागते आणि सोनी कंपनीने आपली डॅट यंत्रे बनवणे २००५ मध्येच थांबवले. म्हणून अशा ठिकाणी टेपांच्या संगणकीय प्रती करतात, ऐकायला प्रत देतात आणि मूळ टेप थंड, कोरड्या खोलीत ठेवतात. २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर यातल्या कितीतरी ओव्या कोणालाही ऐकता येतात. डाउनलोडला नावे ठेवणाऱ्यांनी हेही विसरू नये. प्रत गावभर फिरली तरी चालते, मूळ कोणाच्या तरी हातात असावे लागते.

अभिलेखागार हे प्रदर्शन नाही. आधी विचारून, काम सांगूनच तेथे जावे. नुसती हौस भागवायची असेल तर गुरुग्रामच्या मिलेनियम सिटी सेंटरहून मेट्रोच्या पिवळ्या मार्गाची गाडी धरावी, ती न बदलता चांदनी चौकात सोडते. तेथे ‘न्यू ग्रामोफोन हाउस’ हे दुकान आहे. हे दुकान मूळचे लाहोरचे. १९३० साली निघालेले, फाळणीनंतर दिल्लीला आलेले. येथे जुन्या तबकड्यांचे ढीग एकेक करून चाळावे लागतात. हे चाळणे हाच निम्मा आनंद असतो. शोधायला गेलो एक आणि हाती लागले दुसरेच, हे नशीब मोबाइलवर क्वचितच भेटते.

लाखेच्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे वाजे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित झाले तेव्हा शेवटी तिने आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगितले. तबकड्या बनायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना गाणारीण कोण हे कळून योग्य चिठ्ठी चिकटवता यावी, यासाठी ही युक्ती होती. ती तबकडी लावली की कारखान्यातल्या माणसासाठी मारलेली ती हाक आजही ऐकू येते.

मुंबईत काळा घोड्याचे ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झाले, त्याची हळहळ अनेकांना वाटली. पण रेकॉर्ड जमवणाऱ्यांचा मेळ मुंबईत आहे. ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० साली तेथेच स्थापन झाली.

आणि घरातल्या माळ्यावरच्या खोक्याचे काय? त्यातल्या नाट्यगीतांच्या, भावगीतांच्या कॅसेट आज इंटरनेटवर सापडतीलही. पण कोऱ्या कॅसेटवर कधीतरी हौसेने भरून ठेवलेला आजीचा आवाज, मंगळागौरीची गाणी, बारशाचा पाळणा, हे कोठल्याही दुकानात डाउनलोडला मिळत नाही. ते खोके खाली काढा. कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही खिट्ट्या मोडून टाका, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. फितीला बुरशी दिसली तर घरच्या यंत्रात घालू नका, जाणकाराकडे द्या. प्रत करून भावंडांना वाटा. मूळ कॅसेट उभी, कोरड्या जागी, स्पीकर आणि लोहचुंबकापासून दूर ठेवा. आणि पेटीवर पेनने लिहा: कोणाचा आवाज, कोणते गाव, कोणते साल.