नातीचे मलावीतील सहा आठवडे

इंग्लंडमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाच्या अखेरीकडे काही आठवडे स्वतः निवडलेल्या रुग्णालयात, परदेशातही, अनुभव घेता येतो. त्यास तेथे ‘इलेक्टिव्ह’ म्हणतात. माझ्या नातीने आफ्रिकेतील मलावी हा गरीब देश निवडला, तेव्हा घरात सर्वांनी तिचे कौतुक केले. मी मात्र गप्प राहिलो. माझी पत्नी चार वर्षे पक्षाघाताने अंथरुणास खिळलेली आहे. रुग्णालयात असताना एका शिकाऊ मुलाने हिच्या नाकातून नळी घालताना तीनदा चुकवली होती. हिला बोलता येत नव्हते. डोळ्यांतून पाणी तेवढे वाहत होते.

मलावीतील जिल्हा रुग्णालयांत डॉक्टर फार थोडे. बहुतेक उपचार, सीझेरियनसुद्धा, ‘क्लिनिकल ऑफिसर’ करतात. ते पदवीधर डॉक्टर नसतात, परंतु या कामाचे रीतसर शिक्षण घेतलेले असतात. दुसऱ्याच आठवड्यात मेंदूज्वराची शंका असलेला एक तरुण दाखल झाला. वरिष्ठ कोणी जवळ नव्हते. परिचारिकेने पाठीतले पाणी काढण्याची सुई नातीच्या हाती दिली. विलायतेहून आलेली, म्हणजे तिला येत असणारच! नातीने ते दोनदा पाहिले होते, केले कधीच नव्हते. तिने नकार दिला. प्रतिजैविक लगेच सुरू झाले. पाणी काढण्यास मात्र संध्याकाळ उजाडली.

रात्री तिचा फोन आला. “आजोबा, इंग्लंडमध्ये मला हे एकटीला कोणी करू दिले नसते. मग इथे का करावे? पण तो चार तास तसाच थांबला, तो माझ्यामुळेच ना?”

मला उत्तर देता आले नाही. हिच्या नळीचा प्रसंग तेवढा तिला सांगितला. तो तरुण पुढे वाचला, पण एका कानाने ऐकू येईनासे झाले. मेंदूज्वरात असे होते. औषधास उशीर झालेला नव्हता. हे सारे ठाऊक असूनही ती त्याच्याविषयी अजून बोलते.

तितक्याच वेळा ती ‘गार्डियन’ मंडळींविषयी बोलते. मलावीत रुग्णाच्या सोबतीस आलेल्या नातलगांना हे नाव आहे. रुग्णास भरवणे, पुसून घेणे, कूस बदलणे हे सारे त्यांच्याकडेच. मक्याच्या पिठाचे न्सिमा आवारातच शिजवतात. तेथील स्त्रिया कमरेस गुंडाळतात ते ‘चिटेंजे’ नावाचे सुती वस्त्र एक आजीबाई चौघडी करून नवऱ्याखाली घालीत आणि सुनेच्या मदतीने त्याला अलगद सरकवीत. भाषा येत नसताना नात त्यांच्याकडून ते शिकली.

दिवाळीत ती येथे आली आणि पहिल्याच दिवशी तिने जुने लुगडे मागितले. “त्या बाजूने धरा, आजोबा. ओढायचे नाही, उचलायचे.”

चार वर्षे मी हिला काखेत हात घालून वर ओढत होतो. माकडहाडापाशी कातडी पुनःपुन्हा सोलवटे, ती त्या घासण्यानेही, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. आता ती जागा कोरडी आहे. दर दोन तासांनी शेजारच्या वहिनींना हाक मारावी लागते, एवढेच.